पाहण्यासारखें काय आहे?

“विंचूरला एक दिवस आगगाडीनें जाऊन येऊं,” असें एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत नुसतें बोलून पाहावें. पहिला प्रश्न ठरलेला: “तेथें पाहण्यासारखें काय आहे?” प्रश्न साधा दिसतो, पण त्यांत आमच्या शिक्षणाचें दारिद्र्य उघडें पडतें. ज्या स्थळाचीं चित्रें आधींच शंभर वेळां पाहिलीं, तेंच पाहण्यासारखें, अशी आमची व्याख्या झाली आहे. म्हणून सुटी लागली कीं सारें शहर महाबळेश्वरीं लोटतें, तेथें आपल्याच शेजाऱ्यांना भेटतें आणि दमून परत येतें. यालाच आम्ही प्रवास म्हणतों!

पुण्याच्या विंचूरकर वाड्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं? १८९४ सालीं लोकमान्यांनीं सार्वजनिक गणेशोत्सव केला तो त्या वाड्यांत. परंतु विंचूरकर ज्या गांवावरून विंचूरकर झाले, तें गांव नकाशावर दाखवा म्हटलें, तर मुलांचेंच नव्हे, वडिलांचेंही बोट अडखळेल. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे १७६१ च्या पानिपतच्या रणांत होते. पानिपतावरील कादंबऱ्या वाचून डोळे पुसणाऱ्या आम्हांला, त्या सरदाराचें गांव नाशिक जिल्ह्यांतच आहे, याची दादही नसावी?

इतिहास दूरचा म्हणून सोडून देऊं; स्वयंपाकघर तर जवळचें आहे ना? विंचूरला जाण्यासाठीं उतरावें लागतें लासलगांव स्टेशनावर. ज्या बाजाराच्या भावांवर देशाच्या कांद्याचा भाव हलतो, तें हेंच लासलगांव. आणि त्याच बाजार समितीचें उपबाजार आवार विंचूरलाही आहे. कांदा महागला म्हणजे आम्ही घरोघर ओरड करतों. तो स्वस्त झाला म्हणजे कोणाच्या घरांत काळजी शिरते, हें आम्हीं कधीं विचारलें आहे काय? डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हां शहरांतील गृहस्थाला हायसें वाटलें, आणि याच भागांतील शेतकरी रस्त्यावर उतरला. लिलाव चालू असेल असा दिवस पाहून, त्यासाठीं एक रजा खर्चून, मुलांना ट्रॅक्टरांच्या रांगेपाशीं तासभर उभें करावें. अर्थशास्त्राचा तेवढा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं.

“मग मोटारीनेंच जाऊं,” असें कोणी म्हणेल. नाशिकहून येवल्याकडे जाणारा हमरस्ता विंचूरवरूनच जातो. त्यावरून रोज मोटारी धांवतात, पण त्यांतील कितीजण तेथें उतरतात? आगगाडी विंचूरपर्यंत जात नाहीं, हाच तिचा गुण होय. वाटेंत निफाडचें स्टेशन लागलें कीं, न्यायमूर्ति रानडे १८४२ सालीं या गांवीं जन्मले, हें आईनें मुलांस सांगावें. लासलगांवाहून पुढील थोडी वाट एस. टी. नें किंवा रिक्षानें, शेतकऱ्याच्या मांडीला मांडी लावून जावी लागते. सहलीचा खरा लाभ त्या वाटेंत आहे.

गैरसोयीचा आक्षेप मात्र खरा आहे. लहान गांवीं स्त्रियांना व वृद्धांना घटकाभर टेकावयास स्वच्छ जागा मिळणें कठीण, आणि ती सोय झालीच पाहिजे. पण कोणी जात नाहीं म्हणून सोय नाहीं, आणि सोय नाहीं म्हणून कोणी जात नाहीं, हा फेरा कोणी तरी तोडावयास नको काय? शिदोरी बरोबर घ्यावी. मात्र ती घरांतील सर्वांनीं मिळून बांधावी. नाहीं तर सहल चौघांची आणि पहाटेचें राबणें एकीचें, असें व्हावयाचें.

परत आल्यावर वर्तमानपत्रांत ‘कांद्याचे भाव उतरले’ हें वाचून आपल्या मुलानें “म्हणजे हें चांगलें झालें कीं वाईट?” असें विचारलें, तर तिकिटाचे पैसे फिटले, असें समजावें.