बटण दाबून झाल्यावर

'कॅमेरा कोणता घेऊ?' हा प्रश्न आपल्याकडे वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतो. एकदा दिवाळीच्या आधी, बोनस हातात पडतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा मे महिन्याच्या तोंडावर, सहलीची तिकिटे काढून झाली की. गेली तीसएक वर्षे फोटोग्राफीची हौस असल्यामुळे तो माझ्यापर्यंतही येऊन पोहोचतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन मॉडेले आधीच पक्की झालेली असतात. त्याला फक्त त्यांतल्या एकावर कुणीतरी बोट ठेवायला हवे असते. मी मात्र त्यालाच उलट विचारतो, 'काढलेले फोटो बघणार कुठे आणि ठेवणार कुठे?' मुंजीचे आमंत्रण द्यायला आलेल्या माणसाला मुलाच्या पेन्शनीबद्दल विचारावे, तसा त्याचा चेहरा होतो.

पण खरा प्रश्न तोच आहे, आणि तो आपल्यावर येऊन पडायला सव्वाशे वर्षांचा इतिहास कारणीभूत आहे. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी पहिला 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. फोटो संपले की सगळा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा आणि सोबत १० डॉलर. फोटो धुवून, छापून आणि कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून सगळे घरी परत यायचे. गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबावे, बाकीचे कंपनी बघेल, अशीच त्यांची जाहिरात होती. सामान्य माणूस फोटो काढू लागला तो या 'बाकीच्या'ची जबाबदारी दुसऱ्याने उचलली म्हणून.

आपल्याकडे हे बाकीचे काम कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ करीत असे. बडोद्यात तयार होणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' ज्यांच्या घरात होता, त्यांना आठवत असेल, एका रोलमध्ये चौकोनी १२ फोटो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घ्यायचा, पत्नीच्या माहेरचे लग्न आणि मुलाचा वाढदिवस एकाच रोलमध्ये बसवायचे, आणि मग तो धुवायला टाकायचा. स्टुडिओवाला निगेटिव्ह कापून पाकिटात घालून द्यायचा आणि प्रिंट आल्बममध्ये जायचे. आपल्याला कळतही नव्हते, पण संस्करण, छपाई आणि जतन या तिन्ही गोष्टी त्या ५० पावलांवरच्या दुकानात होऊन जात होत्या.

१९७५ साली त्याच कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा जुळवला. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि त्यात बिंदू असत सगळे मिळून १०,००० . पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०१२च्या जानेवारीत कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. स्टुडिओवाल्याने पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर गुजराण सुरू केली. बटण आपल्या हातात राहिलेच. बाकीचे सगळे मात्र गुपचूप आपल्या घरी येऊन पडले. आपण अजूनही कॅमेरा घेतो तो स्टुडिओवाला आहेच, अशा थाटात.

याचा अर्थ काय होतो, ते आमच्या सोसायटीतल्या एका घरात मी पाहिले. घरातले गृहस्थ हौशी छायाचित्रकार. कॅमेरे उत्तम, लेन्सा उत्तम, दर रविवारी पहाटे स्वारी बाहेर. ते अचानक गेले. त्यांच्या पश्चात एक हार्ड डिस्क निघाली. तीत हजारो फायली, प्रत्येकीचे नाव 'डीएससी' आणि पुढे चार आकडे. त्यांतल्या बऱ्याचशा घरच्या संगणकावर उघडतच नव्हत्या, कारण त्या कॅमेऱ्याच्या कच्च्या स्वरूपातल्या होत्या आणि त्या वाचणारे सॉफ्टवेअर कुठले, हे फक्त त्यांनाच माहीत होते. मुलगा बंगलोरहून आला तो दोन दिवस त्यातच डोके घालून बसला. शेवटी भिंतीवर लावायला फोटो मिळाला तो लोखंडी ट्रंकेतल्या आल्बममधला, १९८६ सालचा, कुणीतरी साध्या कॅमेऱ्यावर काढलेला. त्यांच्या बायकोचे एक वाक्य मला विसरता येत नाही. त्या म्हणाल्या, "यांनी आमचे इतके फोटो काढले, पण ते आमच्याकडे नाहीत."

म्हणून माझे म्हणणे असे, की ही खरेदी शेवटाकडून सुरू करावी. आधी फोटो कुठे राहणार, मग तो कशावर बघणार, मग कशाने सुधारणार, आणि सर्वांत शेवटी कशाने काढणार.

बघण्यापासून सुरुवात करू, कारण त्यात साधा हिशेब आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात. म्हणजे आल्बममधल्या ४ बाय ६ इंची फोटोला १२०० गुणिले १८०० बिंदू, जेमतेम २२ लाख, सव्वादोन मेगापिक्सेल. भिंतीवरच्या ८ बाय १२ इंची फोटोला ८६ लाख. दिवाणखान्यातला 'फोर-के' टीव्ही घेतलात तरी त्यावर मावतात ८३ लाख. आणि दुकानदार आपल्याला २४ मेगापिक्सेल कमी कसे आणि ४५ का हवेत, ते समजावत असतो! पक्षी दूर बसला आहे आणि फोटो कापून मोठा करायचा आहे, तर जास्तीचे बिंदू कामाला येतात, हे खरे. पण घरगुती हौसेला २४ मेगापिक्सेल म्हणजे पोटभर जेवणानंतरचा श्रीखंडाचा वाडगा आहे. त्यावर आणखी आग्रह नको.

आता ठेवण्याचे. २४ मेगापिक्सेलची एक कच्ची फाईल साधारण २५ ते ३० एमबी भरते. वर्षाला ४,००० फोटो, म्हणजे आठवड्याला ७५-८०, काढणाऱ्याला वर्षाकाठी १०० ते १२० जीबी जागा लागते. गूगलची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. आता फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत अशा पाच-सहाशे फायली मावतील. जाणत्या छायाचित्रकारांत एक साधा नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत संगणकात, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर आणि एक बहिणीच्या घरी किंवा भाड्याच्या ऑनलाइन जागेत. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्का हे कॅमेऱ्याच्या अंदाजपत्रकातले पहिले कलम असायला हवे. पैसे उरले तर पाहू, असे म्हणून सोडलेले ते शेवटचे कलम नव्हे. आणि व्हॉट्सॲपला आल्बम समजू नये. तिथून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊनच पोहोचतो. मूळ फोटो पाठवायचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

संगणकाच्या बाबतीत आपण एक गंमत करतो. प्रोसेसरची पिढी कुठली, यावर तासभर चर्चा करतो आणि पडदा मिळेल तो घेतो. फोटोच्या कामात पडदा हाच डोळा. तो 'आयपीएस' जातीचा असावा, म्हणजे मान इकडची तिकडे झाली तरी रंग बदलत नाही. आणि तो एसआरजीबी रंगपट्टा बहुतेक सगळा दाखवणारा असावा. पडद्याचा उजेड कमी ठेवून काम करावे. लखलखीत पडद्यावर छान दिसलेला फोटो छापून आला की काळवंडलेला का, याचे उत्तर नव्वद टक्के वेळा या उजेडात असते. बाकी १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढे हौशी माणसाला पुरते. गडद फोटोतली रवाळ चरचर काढून टाकणारी नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायची असतील, तरच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खर्च करावा.

सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी फोटो कोणत्या स्वरूपात साठवायचा, ते ठरवावे लागते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या कच्च्या फाईलमध्ये १६,३८४. समुद्रावरचा सूर्यास्त किंवा समईच्या उजेडातला नववधूचा चेहरा नंतर उजळायचा असेल, तर या पायऱ्या कामी येतात. पण कच्ची फाईल म्हणजे अजून धुवायचा रोल आहे, हे विसरू नये. धुतला नाही, तर तो वारसांना रोल म्हणूनच मिळणार. त्यामुळे नियम असा करावा, की निवडलेल्या प्रत्येक फोटोची पूर्ण आकाराची जेपेग प्रत काढायचीच. जेपेग १९९२ सालचे आहे आणि आजही कुठलेही यंत्र ते वाचते. उलट गूगलचे घरोघरी पोहोचलेले 'पिकासा' २०१६ साली बंद झाले. अडोबीने १९९० साली बाजारात आणलेले 'फोटोशॉप' अजून भक्कम उभे आहे, पण २०१३पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. भाड्याचे घर वाईट नसते. फक्त ते भाड्याचे आहे, हे लक्षात ठेवून सामान मांडावे. ज्यांना भाडे नको, त्यांच्यासाठी 'गिंप' आणि 'डार्कटेबल' ही दोन्ही मोफत आहेत आणि उत्तम आहेत. शिकायला थोडी चिकाटी लागते, एवढेच. कोणतेही घ्या, फोल्डरांची नावे मात्र माणसाला वाचता येतील अशी द्या: आधी साल, मग महिना, मग प्रसंग. '२०२४-०९ गौरी-गणपती' हे नाव वाचायला कुठलेच सॉफ्टवेअर लागत नाही.

एवढे झाल्यावर कॅमेरा. आपल्या खिशातला फोन हाही कॅमेराच आहे, आणि दिवसाउजेडी, जवळच्या विषयाला तो बहुतेकांना पुरतो. कासच्या पठारावरची फुले टिपायला वेगळे काही लागतेच असे नाही. तो कमी पडतो दोन ठिकाणी: भिगवणला उजनीच्या पाण्यात लांब उभे असलेले रोहित पक्षी, आणि स्नेहसंमेलनात अंधुक रंगमंचावर नाचणारी आपली मुलगी. पहिल्या ठिकाणी लांब पल्ल्याची लेन्स लागते, दुसऱ्या ठिकाणी जास्त प्रकाश आत घेणारी. म्हणजे दोन्हीकडे उत्तर लेन्स हेच आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ एवढीच उघडते. ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स तिच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते, आणि नामांकित कंपन्यांच्या लेन्सांत ती सर्वांत स्वस्तातल्यांपैकी असते.

पैसे बेताचे असतील, तर जुन्या डीएसएलआरचा विचार जरूर करावा. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही पूर्ण आकाराच्या सेन्सरचे आरसाविरहित कॅमेरे आणले, आणि तेव्हापासून हौशी लोक आरशाचे कॅमेरे विकू लागले. ते कॅमेरे एका रात्रीत वाईट झालेले नाहीत. मात्र निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतले कॅमेरे घेताना पाहावे, की त्यांच्यात फोकस फिरवणारी मोटर नसते; जुनी 'एएफ-डी' लेन्स त्यांवर हातानेच फिरवावी लागते. आणि लेन्स पलीकडून टॉर्च मारून पाहावी. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आत बुरशीची जाळी धरते, ती अशीच दिसते. घरी आणल्यावर ती चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावी. वापरातल्या लेन्सला बुरशी क्वचित धरते.

बाकीचे राहून गेले की काय होते, याचे जगातले मोठे उदाहरण शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांचे. आयुष्यभर त्यांनी लोकांची मुले सांभाळली आणि फावल्या वेळात गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून रस्त्यावरची माणसे टिपली. २००७ साली त्यांच्या साठवणीच्या खोल्यांतले सामान भाडे थकल्यामुळे लिलावात गेले आणि त्यात लाखावर निगेटिव्ह निघाल्या. शेकडो रोल तर धुतलेलेच नव्हते. २००९ साली त्या गेल्या, त्यानंतर त्यांचे नाव जगभर झाले. एका परक्या माणसाने ती निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि त्याला चित्र दिसले, म्हणून हे घडले. त्या खोक्यांच्या जागी बंद पडलेल्या हार्ड डिस्का असत्या, तर ती भंगाराच्या भावात गेली असती.

आपण कुणी मायर नाही आणि आपल्या फोटोंचा लिलाव व्हायचा नाही. पण आपल्या आल्बमची वाट पाहणारी दोन-चार माणसे तरी असतात. त्यांच्यासाठी एवढे करावे: डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून वर्षाचे १२ फोटो निवडावेत, 'क्लिक थ्री'च्या एका रोलइतके. हजारांतून १२ निवडताना भांडणे होतील, ती होऊ द्यावीत. वर्ष कसे गेले, ते त्या भांडणातच कळते. मग ते कागदावर छापून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि तारीख लिहावी. दहा वर्षांचे १२० होतात. एक आल्बम, ज्याला ना पासवर्ड लागतो, ना वर्गणी. आणि त्यांतल्या एका तरी फोटोत कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देऊन, नेहमी फोटो काढणाऱ्याने स्वतः उभे राहावे.