परिषदांचे स्थलांतर

व्यावसायिक मंडळींच्या परिषदांचा आणि अधिवेशनांचा अलीकडे मोठा सुकाळ झाला आहे. वैद्य, अभियंते, ग्रंथपाल, अध्यापक, प्रत्येक वर्गाची एक संस्था असते व प्रत्येक संस्थेचे वर्षातून एक अधिवेशन भरते. ही गोष्ट सर्वस्वी स्वागतार्ह आहे. परंतु अतिवृष्टीने किंवा वादळाने अशा अधिवेशनात विघ्न आले, म्हणजे चिटणिसांचे एक चार ओळींचे पत्रक निघते : ‘अपरिहार्य कारणास्तव स्थळ बदलण्यात आले आहे.’ कारण खरोखर अपरिहार्य होते की केवळ गैरसोयीचे होते, नवे स्थळ कोणी व कोणत्या कसोटीवर निवडले, आणि ज्या गावाने वर्षभर खपून तयारी केली त्याची समजूत कोणी घातली, यांविषयी पत्रक मौन पाळते. सभासदही चकार शब्द काढीत नाहीत. या मौनाविरुद्ध दोन शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

कार्यवाह मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे असते की, परिषद म्हणजे निबंध व चर्चा. त्या कोठेही झाल्या तरी सारख्याच. चांगले सभागृह, जवळ विमानतळ व निवासाची उत्तम सोय एवढे मिळाले म्हणजे स्थळाचा प्रश्न संपला. हे म्हणणे दिसावयास व्यवहारी दिसते. पण ते खरे मानले तर मग निमंत्रणे कशासाठी मागवावयाची? स्वागत समिती कशासाठी नेमावयाची? वस्तुतः अधिवेशनाचे स्थळ म्हणजे चार भिंती नव्हेत. ते एका गावाला दिलेले वचन असते. वचन पाळणे अशक्य झाले तर ते मोडावे लागेल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते अडचणीचे झाले म्हणून मोडणे, आणि मोडल्यानंतर ते दिलेच नव्हते असे वागणे, या दोन्ही गोष्टी आम्हांस सारख्याच निंद्य वाटतात.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स या शहराचे आहे. परिषदा भरविणे हा त्या शहराचा एक प्रमुख उद्योग. 29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले, पुराचे बांध फुटले, आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्या विशाल परिषदगृहात देशोदेशीचे विद्वान जमत, तेथेच हजारो निराश्रित लोक अन्नपाण्यावाचून दिवसचे दिवस अडकून पडले. आता पुढील वर्षाच्या अधिवेशनांचे काय करावयाचे? अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीचे अधिवेशन मार्च 2006 मध्ये तेथे ठरले होते. ते शिकागोस नेण्यात आले. त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या शहरात स्वतःच्या रहिवाशांस छप्पर नाही, तेथे पाहुण्यांनी खोल्या अडवून बसणे हा शहाणपणा नव्हे व माणुसकीही नव्हे. परंतु 1876 साली स्थापन झालेल्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे वार्षिक अधिवेशन जून 2006 मध्ये होते. शंका घेणारे सभासद तिच्यातही होतेच. तरी संस्थेने स्थळ बदलले नाही. वादळानंतर दहा महिन्यांच्या आत हजारो ग्रंथपाल त्या शहरात उतरले. कतरिनानंतर तेथे भरलेले पहिले मोठे अधिवेशन ते हेच. कित्येक सभासदांनी तर चर्चासत्रांखेरीज काही वेळ तेथील ग्रंथालये व घरे पुन्हा उभी करण्याच्या श्रमांत घालविला. शिकागोत सभागृहे अधिक चांगली होती हे त्या ग्रंथपालांस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, परंतु आपल्या येण्याने बंद पडलेली हॉटेले उघडतील, स्वयंपाक्यांस व हमालांस काम मिळेल, आणि हे शहर अद्याप जिवंत आहे असे जगास कळेल, हेही त्यांस ठाऊक होते.

दुसरे उदाहरण त्याच शहराचे आहे, पण बोध निराळा आहे. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचे 2012 सालचे अधिवेशन 30 ऑगस्टपासून तेथे भरावयाचे होते. ऐन तोंडावर आयझॅक नावाचे वादळ आले आणि अधिवेशन एक दिवसही न भरता रद्द झाले. आता, त्या किनाऱ्यावर वादळांचा हंगाम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत असतो व सप्टेंबरच्या पूर्वार्धात तो शिगेस पोहोचतो, ही काही गुप्त विद्या नव्हे. ग्रंथपालांचा जून महिनाही हंगामातलाच, परंतु हंगामाच्या आरंभीचा होता. ऑगस्टची अखेर पत्करणे म्हणजे जाणूनबुजून पाणी अंगावर घेणे होय. म्हणून आमचा पहिला नियम असा : स्थळाकडे बोट दाखविण्यापूर्वी तिथीकडे पाहावे. तिथी आपण चुकवावी आणि दोष गावास द्यावा, हा नाचता येईना अंगण वाकडे म्हणण्यातलाच प्रकार झाला.

आमच्याकडे तरी याहून निराळे काय घडते? पावसाळ्यात हॉटेले स्वस्त मिळतात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा कृष्णा-पंचगंगेच्या काठी परिषद ठरवावयाची, रस्ता बंद झाला की ती मुंबई-पुण्यास हलवावयाची, आणि पुढे ‘त्या बाजूस परिषद घेणे धोक्याचे’ असा शेरा कायमचा मारून ठेवावयाचा! एका हंगामाचा दोष असा एका प्रदेशाच्या कपाळी जन्माचा बसतो. शिवाय संकट आले म्हणजे गावच बदलावे लागते हेही खरे नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यास तो अवघा 73 मिलिमीटर होता. एकाच नगरीच्या दोन टोकांत एवढे अंतर पडू शकते, तर दुसरे सभागृह त्याच गावात आधी का शोधू नये? नाशिकचे 94वे मराठी साहित्य संमेलन मार्च 2021 मध्ये भरावयाचे होते. साथीमुळे ते पुढे ढकलून डिसेंबरात घेण्यात आले, जागाही बदलून आडगावास नेली. पण नाशिक सोडले नाही. विघ्न तेथे रोगाचे होते, पावसाचे नव्हे. तथापि तिथी बदलावी, जागा बदलावी, गाव शक्यतो बदलू नये, हा क्रम दोहोंस सारखाच लागू आहे.

कोणी म्हणेल, गाव बदलणे खरोखरच भाग पडले तर? त्यासही आमच्याच इतिहासात उत्तर आहे. 1885 साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे ते आयत्या वेळी मुंबईस न्यावे लागले आणि गोकुळदास तेजपाळ पाठशाळेत 72 प्रतिनिधींच्या उपस्थितीत पार पडले. नवे स्थळ जवळचे होते, यजमान सिद्ध होते, आणि कारण सर्वांस उघड सांगण्याजोगे होते. पुढे 1895 मध्ये राष्ट्रीय सभा पुण्यास भरली. दहा वर्षे लागली खरी, परंतु पुण्याचा मान पुण्यास मिळाला. आमच्या परिषदांपैकी किती परिषदा टाकून आलेल्या गावी पुन्हा गेल्या, याची प्रत्येक कार्यवाहाने आपल्या दप्तरात पाहून खात्री करून घ्यावी.

आमच्यावर येणारा मोठा आक्षेप सुरक्षिततेचा. त्याविषयी वादच नाही. पुराच्या पाण्यात कोणासही लोटावे असे आम्ही म्हणत नाही, आणि इशारा मिळताच अधिवेशन थांबविणाऱ्याचे आम्ही अभिनंदनच करू. परंतु थांबविणे वेगळे आणि हलविणे वेगळे. दुसरा आक्षेप पैशाचा. निवासाच्या खोल्यांची हमी आगाऊ दिलेली असते, ती मोडली तर भुर्दंड बसतो. खरे आहे, पण नैसर्गिक आपत्तीत दोन्ही पक्षांस मोकळे करणारे कलम करारात घालणे व तिथी बदलण्याची मुभा लिहून घेणे हे कार्यवाहांचेच काम नव्हे काय? आणि भुर्दंड केवळ संस्थेसच बसतो असेही नाही. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. तालुक्याच्या महाविद्यालयातील तरुण अध्यापक पदरच्या पैशाने त्याच दिवशी तिकीट काढतो व एका विशिष्ट गावासाठी रजा मंजूर करून घेतो. ऐन वेळी स्थळ बदलले म्हणजे विमानाने जाणारे ज्येष्ठ नव्या शहरी पोहोचतात आणि हा बिचारा घरीच राहतो. पडद्यावरून निबंध वाचण्याची सोय त्याच्यासाठी अवश्य असावी. पण दोन सत्रांच्या मधल्या वेळात वडीलधाऱ्यांशी जी ओळख होते, ती पडद्यावर होत नाही.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. नवे स्थळ तिघा पदाधिकाऱ्यांनी दूरध्वनीवर ठरवू नये. कारणे सभासदांपुढे लेखी मांडावीत. मूळ गावाच्या यजमानांस, तुम्हांस काय झेपेल, असे आधी विचारावे. आणि जावेच लागले तर परत येण्याचे वर्ष त्याच ठरावात नोंदवावे.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 साली स्थापन झाले. जुलै 2005 च्या पुरात त्याच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. त्याच वाचनालयाने जानेवारी 2013 मध्ये 86व्या साहित्य संमेलनाचे यजमानपद पार पाडले. जुलै 2021 मध्ये तेथे पुन्हा पाणी शिरले. अशा गावाला ‘धोक्याचे ठिकाण’ म्हणून यादीतून खोडून टाकणारी विद्वत्ता आम्हांस नको. त्या गावी जानेवारीत जावे, आणि जाताना दोन पुस्तके अधिक घेऊन जावे.