अवजार हाती आले, मालकीचे काय?

संगणकाची आज्ञावली रचणे हे मूठभर तंत्रज्ञांचेच काम, ही समजूत आता मागे पडत आहे. ‘लो-कोड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांमुळे हिशेबनीस, भांडारपाल किंवा रुग्णालयातील लिपिक पडद्यावर तयार तुकडे जुळवून आपल्या कामापुरती आज्ञावली स्वतः उभी करू शकतो. अर्जात रकाने कोणते असावेत, तो मंजुरीसाठी कोणाकडे जावा, साठा ठराविक पातळीखाली गेला की सूचना कोणास मिळावी, एवढे त्याने ठरवावयाचे. बाकीची जुळणी यंत्र करते.

हे नाव २०१४ सालचे. आकांक्षा मात्र जुनी आहे. १९५९ साली कोबोल भाषेची आखणी सुरू झाली तेव्हा आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांसारख्या असाव्यात, हाच हेतू होता. १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्कने आकडेमोडीची कोष्टके थेट हिशेबनिसाच्या हाती दिली. कामातील अडचण काम करणाऱ्यासच नेमकी ठाऊक असते. म्हणून या वाटचालीचे आम्ही स्वागत करतो.

परंतु अवजार हाती येणे आणि अवजाराची मालकी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगल कंपनीने ‘ॲप मेकर’ हे असेच साधन बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ते बंद झाले. साठवलेली माहिती वाचली. पण त्यावर रचलेल्या आज्ञावल्या जशाच्या तशा अन्यत्र नेता येत नव्हत्या. कुळाने शेत कसावे आणि मालकाने एका नोटिशीने त्यास बांधावर उभे करावे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर ॲप्स’वर उभारलेल्या संकेतस्थळांतून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणासही पाहता येतील अशा उघड्या पडल्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत लसीकरणाच्या आणि नोकरीसाठी अर्ज केलेल्यांच्या नोंदीही होत्या. माहिती झाकणारी कडी मुळात उघडीच ठेवलेली होती. ती लावण्याचे भान बांधणाऱ्याने ठेवावयाचे होते. पुढे कंपनीने ही पद्धत बदलली. ‘कोणीही बांधू शकतो’ असे सांगून साधन विकावयाचे आणि चूक झाली की बोट बांधणाऱ्याकडे दाखवावयाचे, हा न्याय नव्हे.

तेव्हा तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. रचलेली आज्ञावली खुल्या स्वरूपात बाहेर नेण्याची सोय नसेल, तर सरकारी कचेऱ्यांनी आणि सहकारी संस्थांनी ते साधन घेऊच नये. माहितीची दारे मुळातच बंद असावीत, उघडावयाची ती विचारपूर्वक. आणि जो लिपिक आज्ञावली रचतो, त्यास त्यासाठी शिक्षण, वेळ व मोबदला मिळावा. नेहमीच्या कामावर लादलेली ती फुकटची वेठ ठरू नये. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व ज्या समाजाने मान्य केले, त्याने ‘रचील त्याची आज्ञावली’ असे म्हणण्यास कचरण्याचे कारण नाही.