जुन्या फटफटीस तेलाचा गारवा

ज्या घरांत वडिलांची किंवा काकांची जुनी फटफटी अजून चालती आहे, त्या घरांत उन्हाळा लागला कीं एक वाद हमखास उत्पन्न होतो. चिरंजीव म्हणतात, "एंजिन फार तापतें, पुढें ऑइल कूलर बसवूं या." वडील माणसें म्हणतात, "इतकीं वर्षें कूलरवांचून चाललें ना? मग आतांच त्यास हात कां लावावा?" आमच्या मतें दोन्ही पक्षांत तथ्य आहे, परंतु मूळ प्रश्न दोघांनींहि विचारलेला नसतो. एंजिनास खरोखरच ताप आहे काय, आणि असल्यास तो कशाचा, हा तो प्रश्न होय.

विवेचनासाठीं आम्ही सर्वांच्या परिचयाचें उदाहरण घेतों, तें रॉयल एन्फील्ड बुलेट ३५० चें. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची ही गाडी आपल्याकडे तयार होऊं लागली. बिडाच्या सिलिंडरचें तिचें जुनें एंजिन आतां निघत नाहीं. म्हणून घरांत जें आहे तें जपणें हेंच आपल्या हातीं उरतें. हें एंजिन ३४६ घनसेंटिमीटरचें व सुमारें १८ अश्वशक्तीचें. याउलट १९६८ सालीं निघालेल्या ट्रायम्फ ट्रायडेंट व बीएसए रॉकेट थ्री ह्या तीन सिलिंडरांच्या गाड्यांस कारखान्यांतूनच कूलर बसविलेला असे. पण त्यांची शक्ति ५८ अश्वशक्ति, म्हणजे बुलेटच्या तिपटीहून अधिक होती. यावरून ध्यानांत येईल कीं, बुलेट घडविणारांनीं तिला कूलर दिला नाहीं तो विस्मरणानें नव्हे. तेवढ्या शक्तीस सिलिंडरवरील पाती व वाहता वारा पुरेसा होता.

तेलाचें काम दुहेरी आहे. घासणाऱ्या भागांत तें वंगणाचा पापुद्रा राखतें आणि तेथील उष्णता वाहून नेतें. कढईंतील तेल तापल्यावर पातळ होतें हें आपण नित्य पाहतों; एंजिनांतहि तेंच घडतें. अति पातळ झालेल्या तेलाचा पापुद्रा तुटतो आणि धातूस धातु लागते. शिवाय खनिज तेल उष्णतेनें नासतें. दर दहा अंशांस हा नास जवळजवळ दुप्पट वेगानें होतो, असा ठोकताळा आहे.

परंतु फार गार तेलहि हितावह नव्हे. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ होते व तिचा कांहीं अंश पिस्टनच्या कडेनें खालीं उतरतो. तेल चांगलें तापलेलें असेल तर ती वाफ उडून जाते; न तापल्यास ती तेलांत मिसळून लोण्यासारखा पांढुरका फेस होतो, आणि बेअरिंगांस गंज चढतो. म्हणून ८० ते १०० अंश सेंटिग्रेड ही तेलाची निरोगी अवस्था समजावी. कूलरच्या जोरावर तें सदैव ५०-६० अंशांवर ठेवणें हा एंजिनावर उपकार नव्हे, अपकार होय.

आपण घरांत ताप मोजल्यावांचून औषध देत नाहीं. तोच न्याय येथेंहि लावावा. दुपारीं अर्धा तास गाडी चालवून एंजिन बंद करावें आणि तेल ओतण्याच्या तोंडांतून धातूच्या दांडीचा थर्मामीटर आंत सोडून पाहावा. काचेचा मुळींच वापरूं नये. पारा ११० अंशांच्या आंत राहिला तर कूलरचा विचार सोडून द्यावा. तो वारंवार १२० च्या पुढें जात असेल, तर आधीं कारण शोधावें. ठिणगी उशिरां पडते काय? कार्ब्युरेटरच्या जोडांतून हवा शिरून मिश्रण क्षीण झालें आहे काय? पात्यांत चिखल किंवा रंगाचे थर साचले आहेत काय? ब्रेक घासतो काय, चेन फार ताणलेली आहे काय, तेल कमी किंवा जुनें आहे काय? यांपैकीं एक दोष असतां कूलर बसविणें म्हणजे रोग तसाच ठेवून कपाळावर ओली पट्टी ठेवणें आहे.

हे दोष दूर करूनहि दोघांना घेऊन पसरणी घाटासारखी चढण वरचेवर चढावयाची असेल, तर कूलरास अर्थ आहे. शहरांतील गर्दींत मात्र त्याचा फारसा उपयोग नाहीं. कारण गाडी उभी राहिली कीं वारा थांबतो, आणि वाऱ्यावांचून कूलर म्हणजे नुसती एक तापलेली जाळी.

बसवितांना जागा महत्त्वाची आहे. ह्या एंजिनांत तेलाचे दोन पंप असतात. एक टाकींतील तेल कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे पाठवितो. दुसरा तळाशीं उतरलेलें तेल उचलून वर रॉकरांकडे नेतो. कूलर ह्या दुसऱ्याच्या वाटेवर घालावा, पहिल्याच्या कदापि नव्हे. पहिल्या वाटेवर अडथळा आला तर बेअरिंग उपाशीं राहून क्षणांत जळतें. दुसऱ्या वाटेवर अडथळा आल्यास रॉकर कोरडे पडतात. हानि तीहि आहे, पण ती वेळीं कळूं शकते. यासाठीं एंजिन चालू करून रॉकरकडील नळीचा जोड किंचित ढिला करावा व तेल पोंचतें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. कूलर लहान घ्यावा, सिलिंडरचा वारा न अडवील असा फ्रेमच्या पुढच्या नळीवर रबराच्या बैठकीनें बसवावा. नळी गरम तेलासाठींच केलेली असावी. पेट्रोलची नळी लावूं नये, आणि सायलेन्सरच्या नळीपासून ती दूर ठेवावी. वापरलेला जुना कूलर तर फुकट मिळाला तरी घेऊं नये, कारण दुसऱ्या एंजिनाचा धातूचा कीस त्यांत दडलेला असतो.

सर्वांत मोठा धोका गळतीचा. टाकींत तेल जेमतेम दोन लिटर. एक नळी फाटली तर थोड्याच वेळांत एंजिन धरतें, आणि तेंच तेल मागच्या चाकावर गेलें तर चालविणाराच्या जिवाशीं गांठ असते. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वीं जोड हातानें चाचपावे.

शेवटचा नियम घरांतील वडीलधाऱ्यांस नक्कीच पटेल. मूळच्या ओतीव भागास भोंक पाडूं नये, कांहीं कापूं नये. कूलर उतरवितांच गाडी पूर्ववत् झाली पाहिजे. काढलेली नळी व जोड चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावे आणि बदल केल्याची तारीख गाडीच्या वहींत लिहावी. ही गाडी पुढें ज्याच्या हातीं जाईल, त्यास आपला निर्णय फिरविण्याची मुभा राहिली पाहिजे.