शनिवारचं क्रिकेट आपल्याकडे का नाही?

आपल्याकडे क्रिकेटमध्ये दोनच प्रकारचे लोक आहेत. टीव्हीवर दिसणारे आणि टीव्ही बघणारे. अंडर-नाइन्टीनच्या निवडीत नाव आलं नाही की किट बॅग माळ्यावर जाते. मग उरतं काय, तर फँटसी टीम लावणं आणि कट्ट्यावर रोहितला सल्ले देणं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्ड लीग १९०३ पासून चालू आहे. २०१६ पासून तिला तिथल्या बोर्डाचा ‘प्रीमियर लीग’ दर्जा आहे. नावावर जाऊ नका, इथे लिलाव वगैरे काही नसतो. हौशी क्लब क्रिकेटची ही सगळ्यात वरची पायरी. आठवडाभर नोकरी किंवा कॉलेज करायचं आणि शनिवारी दिवसभर खेळायचं. बहुतेकांना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत, उलट क्लबची वर्गणी भरावी लागते.

लेन हटन पुडसी सेंट लॉरेन्स क्लबचा, रे इलिंगवर्थ फार्सलीचा. पहिल्या महायुद्धात कौंटी सामने बंद पडले तेव्हा जॅक हॉब्स आणि सिडनी बार्न्स याच लीगमध्ये खेळले. दुसऱ्या महायुद्धात वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन विंडहिलकडून खेळत होता. गंमत म्हणजे यॉर्कशायरच्या कौंटी संघाला १९९२ पर्यंत परदेशी खेळाडू चालत नव्हता. तिथला पहिला कोण? आपला सचिन!

पण मला हेवा या मोठ्या नावांचा वाटत नाही. हेवा वाटतो तो सेकंड टीमचा. पहिल्या संघात जागा नसेल तर दुसऱ्यात खेळा. तिथे चाळिशीतले काका आणि पंधरा वर्षांचा पोरगा एकाच संघात असतात. तळाला राहिलात तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाल, म्हणजे खेळ हौशी असला तरी टाइमपास नाही.

तिकडे सगळं गोडगोड आहे असंही नाही. इंग्लिश क्रिकेटमध्ये वंशभेद आणि वर्गभेद खोलवर मुरलेत, हे २०२३ च्या स्वतंत्र आयोगाच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय.

‘त्यांच्याकडे मैदानं आहेत’ हे उत्तर मात्र मला अर्धंच पटतं. मुंबईत १९४८ पासून भर पावसात कांगा लीग होतेच की! डिव्हिजन आहेत, चढणं-उतरणं आहे. मैदानावर तंबू ठोकून क्लब चालतात. पण मुंबईबाहेर? साताऱ्यातल्या किंवा नांदेडातल्या बावीस वर्षांच्या पोराला वर्षात दोन-चार टेनिस बॉल स्पर्धा मिळतात, त्याही कुणाच्या तरी वाढदिवसाच्या. पोरींना तर तेवढंही नाही.

आणि मैदानं खरंच नाहीत का? कितीतरी कॉलेजांची मैदानं सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद असतात, नाहीतर लग्नाला दिलेली असतात. जिल्ह्यातल्या आठ कॉलेजांनी आजी-माजी विद्यार्थ्यांचे दोन-दोन संघ काढले, तर लेदर बॉलची लीग उभी राहील. लागेल काय? मॅटिंग, दोन अंपायर, स्कोअर लिहिणारं कुणीतरी आणि शनिवारी गेटची चावी देणारे प्राचार्य. यातली चावीच सगळ्यात अवघड आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. पुढच्या जिमखाना मीटिंगला अर्ज द्या.