भरल्या मंडळीतली मरगळ

31 डिसेंबरच्या रात्री सोलापुरातल्या बऱ्याच मंडळ्यांत वॉच नाइटची उपासना होते. बारा वाजून जातात, सलाम-शुभेच्छा होतात आणि मग थाळीतली वचनाची चिठ्ठी उचलायला रांग लागते. चिठ्ठीत नेहमी आशीर्वादच निघतो. तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गाणी पुरे, आधी न्यायाचं बोला, असं आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देवाने खडसावलं आहे. पण ते वचन कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही. चिठ्ठ्या कापणाऱ्यानेच ते बाजूला ठेवलेलं असतं.

प्रथा निरुपद्रवी आहे, हौसेची आहे. धोका पुढे आहे. वर्षाचा उरलेला सगळा आत्मिक खुराकही हळूहळू त्या चिठ्ठीएवढाच होतो. सकाळी फोनवर गुलाबाच्या चित्रावर छापलेलं वचन येतं, ते न वाचता पुढच्या तीन ग्रुपांवर जातं. रविवारी उपासना, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, अधूनमधून कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा आणि चहा. हजेरी चोख असते. आपण असं धरून चालतो की विश्वासातली मरगळ म्हणजे रिकामे बाक, तरुणांची पाठ, बंद पडलेली संडे स्कूल. ती मरगळ निदान दिसते तरी. भरल्या मंडळीतली मरगळ दिसत नाही, कारण सगळ्या सवयी शाबूत असतात. फक्त त्या सवयी माणसाकडे काही मागेनाशा होतात.

याचं सर्वांत प्रामाणिक वर्णन मराठी ख्रिस्ती समाजाकडे शंभर वर्षांहून अधिक काळ आहे, आणि ते पंडिता रमाबाईंनी स्वतःविषयी केलं आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्रांत पारंगत म्हणून कलकत्त्याने ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, त्या बाईंनी नवा धर्म डोळे झाकून घेतलेला नव्हता. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवांसाठी रक्ताचं पाणी केलं. आणि हे सगळं करत असताना, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. 1907 साली लिहिलेल्या आपल्या आत्मकथनात्मक साक्षीत त्यांनी हे स्वच्छ सांगितलं. ही जाणीव झाली त्याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं एक पुस्तक त्यांच्या हाती आलं होतं. हा हॅस्लम स्वतः कॉर्नवॉलमधला दीक्षित पाळक. 1851 मध्ये व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता त्याचंच परिवर्तन झालं. पाळकाचं परिवर्तन व्हायचं राहून गेलं होतं, ही गोष्ट रमाबाईंना का भिडली असेल, ते वेगळं सांगायला नको.

आपल्या मंडळीत आज कुणी वडीलधाऱ्याने उभं राहून असं काही सांगितलं तर काय होईल? बहुधा कुजबुज होईल. आपल्याकडे साक्ष म्हणजे आजार बरा झाला, नोकरी लागली, मुलीचं जमलं. गेली पाच वर्षं माझी प्रार्थना कोरडी आहे, अशी साक्ष कुणी देत नाही, आणि दिली तर ऐकणाऱ्यांना ती साक्ष वाटत नाही. आजार लपवणं हाच शिष्टाचार झाला की वैद्य कुठून येणार!

प्रकटीकरणातल्या लावदिकीयाच्या मंडळीला कोमट म्हटलं आहे. सोलापूरकराला हा दृष्टांत इतरांपेक्षा लवकर कळावा. हेरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला गार पाणी, आणि लावदिकीयाला मात्र लांबून नळाने आणलेलं, वाटेत ना गरम ना गार राहिलेलं, क्षाराचं पाणी, असं बरेच भाष्यकार सांगतात. तिथल्या उत्खननात चुन्याची पुटं चढलेले दगडी नळ सापडलेही आहेत. उजनीहून शंभरेक किलोमीटरवरून येणाऱ्या आणि दिवसाआड, कधी चार-चार दिवसांनी सुटणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला, दुसरीकडून आणलेल्या पाण्याची सवय कशी लागते हे माहीत आहे. लावदिकीया श्रीमंत होतं. इसवी सन 60 च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते पुन्हा उभं राहिलं. आम्हाला काही कमी नाही, ही त्याची घमेंड उगाच नव्हती. आपल्या मंडळ्यांकडे तेवढा पैसा नाही, पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने इथे उभं केलेलं काम, त्यातून शिकून नोकरीला लागलेल्या तीन-चार पिढ्या, आजोबा पाळक होते आणि आजी शिक्षिका होती ही पुण्याई, हे सगळं वारशाने आलेलं पाणी आहे. आपण ते भांड्यात साठवून वापरतो. स्वतःची विहीर खणायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा असते.

मरगळ जाणवली की आज एकच औषध सुचवलं जातं: उज्जीवन सभा. तीन दिवसांचा मांडव, बाहेरगावचा वक्ता, कानठळ्या बसवणारा साउंड, शेवटच्या रात्री रडारड. वक्ता जरा पुढारलेला असला तर व्हिसा आणि बढतीची भविष्यवाणीही होते. या सभांच्या समर्थनासाठी हमखास रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या उज्जीवनाचं नाव घेतात. केडगाव आपल्याच पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, त्यामुळे जिव्हाळाही आहे. पण तिथे काय घडलं ते नीट पाहिलं पाहिजे. जूनच्या अखेरीस जे उसळलं त्याच्या आधी जानेवारीपासून रोजची प्रार्थना चालू होती. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या, पुढे पाचशेच्या वर गेल्या. बाहेरून कुणी वक्ता आणून हे झालं नाही. उज्जीवनानंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. त्या दिवसांतल्या रडण्या-ओरडण्यावर तेव्हाही टीका झाली आणि रमाबाईंनी तिला उत्तरही दिलं. भावनेचं त्यांना वावडं नव्हतं.

त्या मात्र पुढच्या उसळीची वाट पाहत बसल्या नाहीत. त्यांनी उरलेलं आयुष्य हिब्रू आणि ग्रीकची व्याकरणं, कोश आणि मुद्रितं यांत घातलं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र आणायचं, त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवायचे. 1921 मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या तेव्हा ते पुरं झालेलं होतं. उज्जीवनाचं नाव घेणाऱ्यांनी या पंधरा-सोळा वर्षांचंही नाव घ्यावं. मला तर तेच अधिक मोठं उज्जीवन वाटतं.

म्हणून सवयी हव्यातच, पण ज्या आपल्याला अडवतील अशा. वचन नव्हे, पुस्तक वाचावं. मार्काचं शुभवर्तमान दीड-दोन तासांत एका बैठकीत वाचून होतं. ते तसं वाचलेली माणसं आपल्या मंडळीत किती निघतील? सलग वाचलं की नकोसे भाग टाळता येत नाहीत. प्रार्थनेतही मागण्यांची यादी संपल्यावर थोडा वेळ गप्प बसायला जमतं का, ते पाहावं. आणि वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट करण्याची जी आज्ञा आहे, तिला आपण कवितेसारखं वागवतो. चर्चच्या जागेवरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललेले दावे, सोयरीक जुळवताना हळूच विचारली जाणारी आजोबांची जुनी जात, मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या विश्वासूंनी एकाच शहरात राहून एकमेकांना न ओळखणं, या गोष्टी रोजच्या मनन-प्रार्थनेने हलत नसतील तर ती प्रार्थना कुठे पोचते हा प्रश्न विचारायलाच हवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये, बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले-न झालेले सगळे यावेत म्हणून. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, नाव झालेले, स्वस्थ बसायला मोकळे. वाढ या वयातही काहीतरी सोडायला लावते.

आता कुणी म्हणेल, हा सगळा उपदेश वेळ असणाऱ्यांसाठी. सकाळपासून रात्रीपर्यंत सूप मांडीवर घेऊन हजारभर विड्या वळणाऱ्या बाईने मनन कधी करायचं, मार्क कधी वाचायचा? आक्षेप खरा आहे, आणि शांत वेळेवरची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नसतो. जुन्या मराठी मंडळीने केला होता. स्तोत्रं तोंडपाठ करायची, टिळकांची भजनं तोंडपाठ करायची, दाखले कीर्तनातून ऐकून घरी जसेच्या तसे सांगायचे. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तिथे हे नवं नव्हतं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, ते काही उगाच नव्हे. हात कामात असताना तोंडात असेल तेच खरं पाठांतर, आणि त्याला वीज, चष्मा, एकांत काही लागत नाही. गेल्या काही वर्षांत पडद्यावर शब्द दिसू लागल्यापासून आपण ते सोडून दिलं. संडे स्कूलमध्ये बक्षिसासाठी पाठ केलेलं एखादं वचन तेवढं उरलं आहे. पाळकांनी आणि पंचांनी पुढचं तीन दिवसांचं कन्व्हेन्शन ठरवण्याआधी मांडवाचा खर्च बाजूला काढून ठेवावा आणि मंडळीतल्या चाळीस घरांत वर्षभरात एक स्तोत्र पाठ करून घेता येतं का, ते आधी करून पाहावं.