मास्तर कामचुकार, पालक अडाणी, मग शहाणे कोण?



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर भात खरेदी आहे, वनहक्काचे दावे आहेत, विजेची बिले आहेत. शाळा नाही. ती कधीच नसते. शाळा हा शिक्षक संघटनांचा आणि शिक्षण खात्याचा प्रश्न, आपला नव्हे, अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत आपल्याला किती महागात पडते आहे, ते मांडण्यासाठी हे टिपण आहे. वाचून सोडून देऊ नये. बैठकीत त्यावर भांडावे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर बैठका घेताना मी दोन प्रश्न मुद्दाम विचारत गेलो. पालकांना विचारले, शाळा कशी चालते? शिक्षकांना विचारले, बहुतेक वेळा आसनगावच्या फलाटावर गाडीची वाट बघताना, मुले शिकतात का?

पालक म्हणतात, मास्तर कल्याणकडून येतात. गाडी चुकली की शाळा उशिरा उघडते आणि परतीची गाडी धरायची म्हणून लवकर सुटते. पोरगा चौथीला गेला तरी रेशनकार्डावरचे बापाचे नाव त्याला लागत नाही. मास्तर सारखे मोबाइलमध्ये. विचारले तर म्हणतात, वरून माहिती मागवली आहे. ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने पोर पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत टाकले. राहिली ती गरिबांची.

शिक्षक म्हणतात, आम्ही दोघे आणि इयत्ता चार. एकाला तालुक्याला बैठक लागली की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे. मतदार याद्या आम्ही करायच्या, आधार जोडायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, प्रत्येक उपक्रमाचा फोटो पाठवायचा. दिवाळी झाली की बिऱ्हाडे वीटभट्टीवर जातात. नाव पटावर आणि पोर भिवंडी-कल्याणच्या भट्टीवर. आईबाप सभेला येत नाहीत, त्यांची सही आणायला खाचरात जावे लागते. घरी पोर ठाकरी किंवा कातकरी बोलते, पुस्तकातली मराठी त्याला परकी. आम्ही काय जादू करायची?

मी दोघांचे ऐकले आणि दोघांवर विश्वास ठेवला, कारण दोघेही खरे सांगतात. खोटे आहे ते एवढेच की दोघेही एकमेकांना गुन्हेगार समजतात. बांधावरून दोन भाऊ भांडत राहिले की जमीन कोणाच्या घशात जाते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पटाचे गणित

या भांडणाचा फायदा कोणाला होतो ते पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातली पानशेतची शाळा नमुना म्हणून दाखवली गेली. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक निघाल्या. त्या कुठे असणार? दादर-ठाण्याला नव्हे. जिथे पाडे विखुरलेले, मध्ये ओहोळ आणि डोंगर, तिथे. म्हणजे आपल्याकडे.

सरकार म्हणते, पट कमी आहे म्हणून दर्जा नाही. गाडी देतो, मोठ्या शाळेत न्या. जुलै महिन्यात काळू आणि भातसा भरून वाहतात, पाड्याचा रस्ता चिखलात जातो, तेव्हा ही गाडी कुठपर्यंत येणार? सहा वर्षांची पोरगी डोक्यावर इरले घेऊन ओहोळाकाठी किती वेळ उभी राहणार? पहिल्या पावसात दहा दिवस चुकतील, दुसऱ्या पावसात नाव कमी होईल, आणि कागदावर लिहिले जाईल की पालकांना शिक्षणाची आवड नाही.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. एखाद्या खाचराला पाणी तोडायचे, बी द्यायचे नाही, राखणदार दुसऱ्या कामाला लावायचा, आणि पीक आले नाही की जमीन नापीक म्हणून शेरा मारायचा, असा पंचनामा आम्ही कोणी मान्य केला नसता. शाळेचा पंचनामा मात्र नेमका असाच चालला आहे. शिक्षक कामाला जुंपला म्हणून शिकवणे नाही, शिकवणे नाही म्हणून पट नाही, पट नाही म्हणून शाळा नाही.

आणि कायदा काय सांगतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला पट साठपर्यंत असला तरी शिक्षक दोन हवेत आणि वर्षाला २०० दिवस शाळा भरली पाहिजे. याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही. मग ही रोजची माहिती, हे फोटो, हे ॲप कोणत्या कलमात बसते? कायदा मोडणारा कोण, मास्तर की मास्तरचा साहेब?

फीचे भात

आता खासगी इंग्रजी शाळेचा हिशेब करू. बाजारगावातल्या शाळेची फी, गाडीभाडे, गणवेश, पुस्तके मिळून वर्षाला २० हजार रुपये धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे एका पोराच्या फीसाठी सुमारे साडेआठ क्विंटल भात. खत, मजुरी, नांगरट वजा न करता. बऱ्या खाचरात एकरी दहा-बारा क्विंटल उतरतात. एक पोर शिकवायला जवळजवळ एक एकर गेले. दुसऱ्या पोराला काय घालणार? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते: मुलगा गाडीत, मुलगी पाड्याच्या शाळेत.

एवढे देऊन मिळते काय? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. लाज वाटावी असा आकडा आहे. पण त्याच पाहणीत खासगी शाळांतलीही निम्म्याहून बरीच अधिक मुले अडखळली. टाय लावल्याने वाचता येत नाही. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द नाही तिथले पोर कविता घोकते, आईबाप कौतुकाने पाहुण्यांसमोर म्हणवून घेतात, आणि आठवीत कळते की मराठीही गेली आणि इंग्रजीही आली नाही.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा नको म्हणून सारा महाराष्ट्र पेटला आणि २९ जून रोजी सरकारने शासन निर्णय मागे घेतले. चांगले झाले. पण मराठीचा झेंडा घेतलेल्यांपैकी कितीजण पाड्यावरची मराठी शाळा वाचवायला आले? भाषा वाचली आणि शाळा गेली, तर ती भाषा शिकणार कुठे?

जोतीरावांनी मागितले होते

हे दुखणे आजचे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, त्यांच्यात मिसळणारे असावेत असे म्हटले. अभ्यासात शेतीची माहिती मागितली. त्यातली सक्ती कायद्यात यायला १२७ वर्षे लागली. पाड्यात मिसळणारा मास्तर अजून यायचा आहे. आणि महसुलाचे राहू द्या, तानसा आणि भातसाचे पाणी आजही शहापुरातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आपले पाडे टँकरची वाट बघतात.

आपल्या पदरात काय?

सरकारला शिव्या देणे सोपे. आता स्वतःकडे बघू.

मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव शिक्षकाने द्यावा, असा शासन निर्णय २०१९ मध्ये झाला. मास्तर राहत नाहीत हे ठाऊक असताना त्या ठरावाला हात वर करणारे कोण? आपणच. मीही एकदा केला आहे. 'कशाला वाईटपणा घ्या' म्हणून.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बायका लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तिचे इतिवृत्त वाचले आहे? सही मागायला मास्तर खाचरात आला की आपण चिखलाचा अंगठा पुसून ठेवून देतो.

आणि शेवटचे, जे लिहायला जड जाते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून दापोलीच्या कृषी विद्यापीठापर्यंत पोचलो. माझी मुलगी मात्र खासगी शाळेत गेली. तिची आई म्हणाली, चळवळीसाठी पोरीचे नुकसान करू नका. मला उत्तर देता आले नाही. आजही नाही. म्हणून पिवळ्या गाडीत पोर बसवणाऱ्या कोणा बापाला मी दोष देणार नाही. पण आपल्यासारखे बोलणारे, अर्ज लिहू शकणारे पालक निघून गेले, त्या दिवसापासून शाळेला जाब विचारणारे कोणी उरले नाही, हेही लपवणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी नोकरांची मुले सरकारी शाळेत घाला असे सांगितले होते. ते कागदावरच राहिले. न्यायालयाला जे जमले नाही त्याची सुरुवात आपल्या कार्यकर्त्यांनी करावी की नाही, यावर बैठकीने बोलावे.

माझ्या मते बैठकीने एवढे ठराव करावेत:

१. दोन्ही तालुक्यांतली एकही शाळा ग्रामसभेच्या संमतीशिवाय बंद किंवा एकत्र होऊ देणार नाही.

२. शिक्षकाला कायद्याबाहेरचे काम सांगणारा प्रत्येक आदेश समितीच्या इतिवृत्तात नोंदवायचा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जाब मागायचा. या लढ्यात आपण शिक्षकांच्या बाजूने.

३. राहण्याचा खोटा ठराव यापुढे नाही. त्याबरोबर गावात शिक्षकाला राहण्याजोगी खोली देण्याची जबाबदारी गावाची.

४. दिवाळीआधी भट्टीवर जाणाऱ्या मुलांची यादी करून हंगामी वसतिगृहाची मागणी करायची, जी मुले जातीलच त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळवून द्यायचे.

५. वर्षातून दोनदा पालकांनी स्वतः शाळेत बसून प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घ्यायचा. आकडा वरून येण्याची वाट बघायची नाही.

भाताची लावणी तीन-चार आठवड्यांच्या रोपांची करतात. राबात रोप जून झाले की मागाहून कितीही खत घाला, फुटवे कमीच येतात. सहा ते दहा हे पोराचे लावणीचे वय आहे. मास्तर आणि पालक एकमेकांना शिव्या देत बसले तेवढ्यात ते निघून जाते, आणि पुढच्या वर्षी ते परत येत नाही.